जुन्या वाड्याचा इतिहास जपायचा तर सुरुवात कुठून करावी

गोव्यात वाडा म्हणजे वस्ती. चौसोपी घर नव्हे, तर एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर हाक पोहोचेल अशा घरांचा समूह. पणजीतील मळा, फोंताईन्हास आणि सांतोमे, मडगावातील कोंब आणि बोर्डा, म्हापशातील खोर्ली हे असे वाडे आज शहराच्या ऐन मध्यावर आले आहेत. त्यांतील काही घरांना कुलूप आहे, काहींची गेस्ट हाउसे झाली आहेत आणि काहींत शेवटची एक-दोन वृद्ध माणसे राहत आहेत. अशा वाड्याचा इतिहास लिहावा असे ज्याला प्रथमच वाटते, तो बहुधा राजधानी केव्हा हलली, व्हाइसरॉय कोण होता आणि चर्च कोणत्या साली बांधले इथून सुरुवात करतो. ही माहिती ग्रंथालयात आहे आणि दहा वर्षांनीही ती तिथेच सापडेल. समोरच्या घरातील आजीला आठवते ते, बंद पडलेल्या दुकानाची चोपडी आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतील कागद मात्र पुढच्या पावसाळ्यात असतीलच याची खात्री नाही. म्हणून माणूस आणि घर आधी, ग्रंथालय नंतर, असा क्रम मी सुचवतो. मळ्यात काही वर्षे हे काम करताना ज्या चुका झाल्या, त्यांतून हा क्रम ठरला आहे.

एकच गल्ली, तीही चालून

संपूर्ण वाडा एकदम हाती घेऊ नये. वीस-पंचवीस घरांची एक गल्ली निवडावी आणि तिचा नकाशा स्वतः काढावा. भूमापन व भूमी अभिलेख खात्याच्या नगर भूमापन नकाशात प्रत्येक जागेला पी. टी. शीट क्रमांक आणि चलता क्रमांक असतो. हे दोन क्रमांक आपल्या नोंदवहीत प्रत्येक घरापुढे लिहून ठेवावेत, कारण घराचा मालक बदलतो, रंग बदलतो, महापालिकेचा घर क्रमांकही बदलतो. चलता क्रमांकाने मात्र पन्नास वर्षांनंतरच्या वाचकालाही ते घर सापडते. नकाशा हाताशी नसेल तर मोठ्या कागदावर पावलांनी अंतर मोजून काढलेले रेखाटनही पुरते. त्यात घरांखेरीज विहिरी, घुमट्या (छोटी देवळे), खुरीस (क्रूस), पायऱ्या, जुने दिव्यांचे खांब आणि एकेकाळी जिथे झाड होते ती जागाही दाखवावी.

गल्ली ठरवताना वाड्याची सीमा लोक कुठे मानतात हे विचारून घ्यावे. कागदावरची सीमा आणि बोलण्यातली सीमा क्वचितच जुळतात. आल्तिनोच्या टेकडीचा पायथा आणि ओरेमची खाडी यांच्यामधला चिंचोळा पट्टा म्हणजे मळा, असे सर्वसाधारणपणे सांगता येते. पण फोंताईन्हास कुठे संपते आणि मळा कुठे सुरू होतो, यावर शेजारी राहणाऱ्या दोन घरांचे उत्तर वेगळे येते. दोन्ही उत्तरे नावानिशी लिहून ठेवावीत. त्यांतले एक खोडून दुसरे ठेवणे हे नवख्या माणसाचे काम नाही, आणि माझ्या मते जाणत्याचेही नाही.

वाड्याची मोजकी पार्श्वभूमी

लोकांकडे जाण्यापूर्वी एवढी तरी माहिती असावी की त्यांनी सांगितलेले कळेल. पणजीपुरते सांगायचे तर व्हाइसरॉयचा निवास १७५९ साली जुन्या गोव्याहून पणजीत आला आणि २२ मार्च १८४३ रोजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने पणजीला अधिकृत राजधानीचा दर्जा मिळाला. रायबंदरशी पणजीला जोडणारा लिन्यारिशचा बांध त्याहून कितीतरी जुना, सतराव्या शतकातला आहे. फोंताईन्हास हे नाव टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यांवरून पडले आणि मळ्यातील फोंत फेनिक्स हा झरा त्याची आजही साक्ष देतो. सान सेबास्तियांवच्या कपेलातील (छोट्या चर्चमधील) क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, इमारतीतून आधी आदिलशहाच्या राजवाड्यात आणि तिथून १९१८ साली इथे आला. नवख्याला आरंभी याहून अधिक लागत नाही.

दार वाजवण्याआधी

गोव्यात जुन्या घराविषयी प्रश्न विचारणारा माणूस जमिनीच्या मागे आहे असे आधी समजले जाते, आणि तसे समजण्याला कारण आहे. मुंडकारांना (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना) संरक्षण देणारा १९७५ चा कायदा, पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली वारसांमधील समान वाटणी, परदेशात असलेले सहहिस्सेदार आणि वर्षानुवर्षे चालणारे इनव्हेंतारचे (वारसांमधील मालमत्तेच्या यादी-वाटणीचे) दावे यांमुळे एका घराला दहा-बारा दावेदार असणे सामान्य आहे. म्हणून पहिल्या भेटीत दस्तऐवज मागू नयेत, घराची लांबी-रुंदी मोजू नये आणि ‘हे घर कोणाच्या नावावर आहे’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नये. आपण कोण, कोणाच्या घरातले, कोणत्या गल्लीत राहतो हे आधी सांगावे. आपण बाहेरचे असाल तर वाड्यातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला सोबत न्यावे.

जेवणानंतरची वेळ विश्रांतीची असते. एक ते चार या वेळात कुणाचे दार वाजवू नये. साडेचार-पाचच्या चहाची वेळ सर्वांत चांगली. फोंताईन्हासमध्ये तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. तिथले रहिवासी दारापुढे उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांना कंटाळलेले आहेत, त्यामुळे कॅमेरा किंवा मोबाइल पिशवीत ठेवूनच उंबरठ्यावर जावे आणि तो बाहेर काढण्यापूर्वी विचारावे.

प्रश्नावलीऐवजी सोबत एखादे जुने छायाचित्र न्यावे. आपल्या स्वतःच्या घरातले असले तर उत्तमच. एका घरी तीन भेटींत मला चहापलीकडे काही मिळाले नव्हते. चौथ्या वेळी मी आमच्या गल्लीतील जत्रेच्या दिवसाचा एक धूसर फोटो नेला. त्या काकींनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, कोपऱ्यातील पाठमोऱ्या मुलीवर बोट ठेवले आणि ‘हे परकर-पोलके आईने तिच्या जुन्या साडीचे शिवले होते’ असे म्हणाल्या. ती मुलगी त्याच होत्या. त्यानंतरचे दोन तास त्या बोलत होत्या आणि त्या बोलण्यात कोण शिलाई करायचे, कापड कुठल्या दुकानातून यायचे, उधारी कशी चालायची आणि जत्रेला नाटकाची तालीम कोणाच्या अंगणात व्हायची हे सगळे आपोआप आले.

मुलाखत ध्वनिमुद्रित करताना

मोबाइलवर चांगले मुद्रण होते, मात्र तो विमान अवस्थेत (एअरप्लेन मोडवर) टाकावा, बोलणाऱ्यापासून हात-दीड हात अंतरावर मऊ कापडावर ठेवावा आणि पंखा बंद करण्याची विनंती करावी. माझे एक संपूर्ण मुद्रण छताच्या पंख्याच्या खरखरीने वाया गेले आणि ते आजोबा पुन्हा बोलण्याच्या अवस्थेत राहिले नाहीत. म्हणून उकाडा सोसावा, पण पंखा चालू ठेवू नये. शक्य असल्यास दुसऱ्या उपकरणावरही एकाच वेळी मुद्रण करावे. सुरुवातीला आपण स्वतः दिनांक, स्थळ, उपस्थितांची नावे आणि ‘मुद्रण चालू आहे, आपली संमती आहे ना’ हे मोठ्याने म्हणावे आणि उत्तर त्यातच येऊ द्यावे.

बोलणारा कोंकणीत बोलला तर कोंकणीतच बोलू द्यावे, मध्येच पोर्तुगीज शब्द आले तर तेही तसेच ठेवावेत. उतरवून घेताना मराठीकरण करू नये. ‘बल्कांव’ला सज्जा, ‘आफ्रामेंत’ला भाडेपट्टा किंवा ‘पदेर’ला पाववाला लिहिले की त्या माणसाच्या बोलण्यातील निम्मी माहिती गळून जाते, अर्थ द्यायचा असेल तर तो वेगळ्या रकान्यात द्यावा.

‘पूर्वी कसे होते?’ या प्रश्नाला ‘पूर्वी चांगले होते’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी हाताला लागेल असे विचारावे. सकाळी सर्वांत आधी कोणाचा आवाज यायचा? पदेराच्या हातात खुळखुळ वाजणारी बांबूची काठी होती का, की भोंगा आला होता? पिण्याचे पाणी कोणत्या विहिरीचे किंवा झऱ्याचे, ते कोण भरायचे आणि घरात नळ आला तेव्हा कोणते वर्ष होते? पावसाळ्यानंतर भिंतींना चुना कोण लावायचा? रात्री खाडीकडून काय ऐकू यायचे? चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला रानटी फळे कुठून यायची? घरमालकाइतकेच त्या घरात काम करणाऱ्या बाईला, खालच्या मजल्यावर भाड्याने राहिलेल्या शिंप्याला आणि वाड्यात सून म्हणून आलेल्या स्त्रीलाही विचारावे. जो बाहेरून आला त्याला वाड्याच्या सवयी पहिल्या दिवशी नवलाच्या वाटलेल्या असतात, म्हणून त्या त्याच्या अधिक लक्षात राहतात.

सालाची आठवण सहसा चुकते, घटनेची चुकत नाही. म्हणून साल विचारण्याऐवजी ते ‘कशाच्या आधी, कशाच्या नंतर’ हे विचारावे. गोव्यातील वृद्धांसाठी काही खुणा पक्क्या आहेत: मडगावात लोहियांची सभा झाली तो १८ जून १९४६, पन्नाशीच्या दशकातील आर्थिक नाकेबंदी, १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले तो १२ ऑगस्ट १९७३, ‘चोगम’ची (राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांच्या परिषदेची) गडबड झाली ते १९८३, मांडवीचा पूल कोसळला तो ५ जुलै १९८६ आणि ३० मे १९८७ रोजी मिळालेले घटकराज्य. ‘पूल पडला तेव्हा तुमचे दुकान चालू होते का?’ या एका प्रश्नाने जे साल मिळते, ते थेट विचारून मिळत नाही.

बोलणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नये. त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत घ्यावे आणि पडताळणी घरी येऊन वेगळ्या ओळीत लिहावी. फोंताईन्हासमधील ३१ जानेवारी रस्त्याचेच पाहा. पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला त्या दिवसाचे ते नाव आहे असे अनेक जण विश्वासाने सांगतात आणि तसे छापूनही आलेले आहे. प्रत्यक्षात ते स्वातंत्र्य १ डिसेंबर १६४० चे. ३१ जानेवारी हा पोर्तो शहरात १८९१ साली झालेल्या प्रजासत्ताकवादी उठावाचा दिवस आहे आणि पोर्तुगालमधील कितीतरी शहरांत त्याच्या स्मरणार्थ याच नावाचे रस्ते आहेत. आपल्या नोंदीत दोन्ही गोष्टी याव्यात: लोक काय मानतात, आणि दिनदर्शिका काय सांगते.

चोपड्या, पत्रिका आणि हस्तपत्रके

घरातील कागद हा या कामाचा सर्वांत समृद्ध भाग आहे आणि सर्वांत जास्त नासाडीही त्याचीच होते, कारण ‘हे काय, जुना हिशेब आहे’ म्हणून तो रद्दीत जातो. मळ्यातील एका जुन्या दुकानाची चोपडी मी पाहिली. लांबट, लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर हळद-कुंकवाचा वाळलेला डाग आणि ‘श्री’, त्याखाली शके आणि मिती. आतली नावे मोडीत, एकसलग ओढलेल्या रेघेखाली शब्द न तोडता लिहिलेली. रकमा मात्र स्वच्छ. तांदूळ, खोबरेल, मीठ, रॉकेल, आणि एका पानाच्या समासात पेन्सिलीने ‘बोट आली नाही’ एवढेच. त्या तीन शब्दांतून मालाची वाट पाहणारा दुकानदार दिसतो.

अशी चोपडी वाचताना नवख्याला तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, शके वरून इसवी सन काढण्यासाठी ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या नोंदींसाठी ७९. म्हणजे शके १८६८ हे १९४६-४७ होय. दुसरी, गोव्याचा पोर्तुगीज रुपया आण्यांत नव्हे, टांगांत मोडत असे: १६ टांगा म्हणजे एक रुपया आणि ६० रेइश म्हणजे एक टांगा, म्हणून रुपयाचे ९६० रेइश. त्यानंतर १९५८-५९ च्या सुमारास सहा एस्कुदुंना एक रुपया या दराने एस्कुदु आला आणि मुक्तीनंतर भारतीय रुपयाने त्याची जागा घेतली. साहजिकच एस्कुदुत हिशेब असलेले पान अवघ्या तीन-चार वर्षांच्या पट्ट्यात बसते आणि साल लिहिलेले नसले तरी काळ कळतो. तिसरी गोष्ट अशी की मोडी येत नसेल तर अंदाजाने वाचू नये. पानाची प्रतिमा घ्यावी आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावी. चुकीचे वाचन एकदा उतरवले गेले की ते पुढे बरीच वर्षे चालत राहते.

देवळातील आणि मंडळांतील कागदांकडेही लक्ष द्यावे. जत्रेच्या देणगीच्या पावत्या, भजनी सप्ताहातील पारांची (भजन करणाऱ्या गटांची) यादी, महाजनांच्या सभांचे इतिवृत्त, संगीत नाटकाची हस्तपत्रके यांतून वाड्यात कोण राहत होते आणि कोणाची ऐपत किती होती हे कळते. हस्तपत्रकावर बहुधा साल नसते. त्यावर तिथी, वार आणि इंग्रजी तारीख असली की काम सोपे होते: एकाच तारखेला तोच वार साधारण पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी येतो, आणि त्याच दिवशी तीच तिथीही जुळायची तर शक्यता एक-दोन सालांवर येऊन थांबते. जुनी पंचांगे किंवा संगणकावरील पंचांग-गणित वापरून हे अर्ध्या तासात होते. नटांची नावे छापलेली असतील तर त्यांच्या घरी ते पत्रक दाखवावे. त्यावरच पुढची मुलाखत सुरू होते.

पोर्तुगीज दस्तांची भीती बाळगू नये. रुआ म्हणजे रस्ता, त्राव्हेसा म्हणजे गल्ली, लार्गु म्हणजे चौक, बायरु म्हणजे वाडा, आणि ‘एस्क्रितुरा’ म्हणजे नोंदवलेला दस्त. मृत्यूनंतरच्या इनव्हेंतारमध्ये घरातील मालमत्तेची यादी केलेली असते आणि तिच्यात कधी भांडी, दागिने, पलंग, आरसेही येतात. मात्र हा कागद घरच्यांनी आपणहून दाखवला तरच पाहावा आणि त्यातील वाटणीचा भाग उतरवून घेऊ नये.

मूळ कागद घराबाहेर काढू नये हा नियम कटाक्षाने पाळावा. छायाचित्रे त्याच घरात, टेबलावर, खिडकीच्या पसरट उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावीत. स्कॅनर नेणे शक्य असेल तर छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय आणि लिखाणासाठी ३०० डीपीआय पुरेसे आहे. छायाचित्राच्या मागच्या बाजूचीही प्रतिमा घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का, पोर्तुगीजमधील दोन ओळी किंवा ‘ताईस, सप्रेम’ हे तिथेच असते. मागे काही लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये आणि जुन्या कागदाचे लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते परत निघत नाही.

घर वाचायला शिकावे

वाड्यातील घर हाही एक दस्तऐवज आहे. चिऱ्याच्या भिंती, त्यांवरचा चुन्याचा गिलावा, शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या, ओतीव लोखंडाचे कठडे, बल्कांवातील (दारापुढच्या ओसरीतील) बाके आणि दारावरच्या आझुलेजुच्या फरशा यांची दर्शनी बाजूने रेखाटने करावीत आणि प्रत्येक दुरुस्तीबद्दल विचारावे. कौल उतरवले जात असेल तर तिथे पोहोचावे, कारण मंगळुरी कौलाच्या आतल्या बाजूस कारखान्याचे नाव उमटवलेले असते. त्यावर साल असले तर मात्र लगेच घराचे साल म्हणून लिहू नये. ते अनेकदा कारखान्याच्या स्थापनेचे असते. मंगळूरच्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. घर त्यानंतर केव्हाही शाकारलेले असू शकते, आणि कौले दुसऱ्या पडक्या घरावरून आणलेलीही असू शकतात.

आता ग्रंथालय आणि पुराभिलेख

घरोघरची माहिती हाती आली की प्रश्न नेमके होतात आणि तेव्हाच संस्थांकडे जाण्यात अर्थ असतो. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले आणि दियोगु दो कौतु हे त्याचे पहिले अभिलेखपाल. पुढे विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी त्याची जी व्यवस्था लावली आणि सूची केल्या, त्यामुळेच आज तिथे काही शोधणे शक्य होते. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे आणि जुनी वृत्तपत्रे व सरकारी राजपत्रे पाहण्यासाठी तीच जागा. १८३७ पासून निघू लागलेल्या ‘बोलेतीं’ या राजपत्रात रस्त्यांची नावे, लिलाव, परवाने, नेमणुका आणि सार्वजनिक बांधकामांच्या निविदा सापडतात. १९६२ पासूनच्या काळासाठी दैनिक ‘गोमन्तक’च्या फायली चाळाव्यात; श्रद्धांजलीच्या आणि जत्रेच्या छोट्या जाहिराती बातम्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे, नागरी नोंदणी सुरू होण्याआधीच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदी चर्चच्या नोंदवह्यांत. प्रत्येक ठिकाणी अर्ज आणि ओळखपत्र लागते, शाईचे पेन सहसा चालत नाही, आणि ‘मळ्याविषयी काय आहे?’ असे विचारल्यास काहीच मिळत नाही. ‘१९३० ते १९३५ मधील या रस्त्याच्या गटाराच्या कामाची निविदा पाहायची आहे’ असे विचारले तर तिथले कर्मचारी मनापासून मदत करतात, हा माझा अनुभव आहे.

पावसाळा, वाळवी आणि कसर

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्याच्या हवेतील दमटपणा कागद खातो. घरच्यांना सांगण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. कागदांची पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, चार बोटे उचलून आणि वीतभर अंतर सोडून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. आम्लविरहित कागदाचे लखोटे मिळाले तर उत्तम, नाहीतर धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळावे. लोखंडी टाचण्या आणि रबर बँड काढून टाकावेत. ऑक्टोबरमध्ये एकदा पेटी उघडून, सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी कागद पसरून मऊ ब्रशने झाडावेत. ओला झालेला कागद उन्हात टाकू नये. टिपकागदाच्या मध्ये ठेवून पंख्याखाली, आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत वाळवावा, कारण त्यानंतर बुरशी हमखास येते.

प्रतिमांचीही तशीच काळजी घ्यावी लागते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत वाड्याबाहेर. एकाच हार्ड डिस्कवर सगळे ठेवणे म्हणजे एकाच ट्रंकेत ठेवणेच होय.

नोंदवही

माझ्या मते या कामातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे नोंदवही. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, ते त्याने स्वतः पाहिले की ऐकले, वस्तू कोणाच्या घरी आहे, चलता क्रमांक कोणता, कशाला परवानगी दिली आणि कशाला दिली नाही, एवढे रकाने असावेत. प्रत्येक प्रतिमेच्या फायलीला त्याच नोंदीचा क्रमांक द्यावा, जसे ‘मळा-घर०७-फोटो०३’. आरंभी मी हे केले नाही. जवळपास चाळीस छायाचित्रे माझ्याकडे अशी पडून आहेत की ती सुंदर आहेत, पण कोणाच्या घरची, कोणाच्या लग्नाची, हे आता कोणीच सांगू शकत नाही. नोंद त्याच संध्याकाळी करावी. दुसऱ्या दिवसावर टाकलेल्या नोंदीत आपलीच भर पडू लागते.

काय प्रसिद्ध करू नये

संमती लेखी घ्यावी, मराठीत किंवा कोंकणीत, साध्या अर्ध्या पानात. मुद्रण कोण ऐकू शकेल, छायाचित्र छापता येईल का, नाव द्यावे की नाही, हे तीन प्रश्न त्यात असले की पुरे. पुष्कळदा माणूस बोलण्याच्या भरात दत्तक, कर्ज, जात, भाऊबंदकी किंवा १९६१ पूर्वी कोण कोणाच्या बाजूचा होता याविषयी बोलून जातो. ते खरे असले तरी वेगळ्या फायलीत बंद ठेवावे, आणि ते केव्हा उघडायचे हे त्या घराने ठरवावे. एखाद्याने महिन्याभराने ‘ते काढून टाका’ म्हटले तर कारण न विचारता काढून टाकावे. एका घराचा विश्वास गेला की गल्लीतली पुढची दहा दारे उघडत नाहीत.

घरी परत नेऊन देणे

जे घेतले त्याची छापील प्रत त्या घराला द्यावी, आणि ती पोस्टाने न पाठवता हाती नेऊन द्यावी. बहुतेक वेळा त्याच भेटीत नवी माहिती मिळते. वर्षाकाठी एकदा, जत्रेच्या सुमारास, देवळाच्या सभागृहात किंवा एखाद्या मोठ्या बल्कांवात एका दिवसाचे छोटे प्रदर्शन भरवावे. छायाचित्रे दोरीला चिमट्यांनी टांगावीत, प्रत्येकाखाली कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल ठेवावी, आणि ‘यांत कोण आहे ते लिहा’ एवढेच वर लिहावे. आमच्या पहिल्या प्रदर्शनात एका गटछायाचित्राखाली दिवसभरात अकरा चिठ्ठ्या जमल्या, त्यांतील दोन पोर्तुगीजमध्ये होत्या आणि तिघांनी एकाच मुलाला तीन वेगळी नावे दिली होती. तो मुलगा कोण होता हे संध्याकाळी कळले, कारण सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्या छायाचित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी त्या मुलाविषयीची चौथी चिठ्ठी लिहिली. या चिठ्ठ्या काढताना कोणती कोणत्या छायाचित्राखालची हे लगेच मागे लिहावे, आणि त्याच रात्री त्या नोंदवहीत उतरवून, चिठ्ठ्याही जपून ठेवाव्यात.